5 टन बर्फाच्या कारखान्याला 5 टीआरचा कॉम्प्रेसर पुरतो का? गणित तपासून द्या

बंदरपाखाडी

हर्णै-दाभोळ पट्ट्यात मासळीसाठी लादीबर्फाचा छोटा कारखाना टाकायचा आहे, रोज 5 टन. हातात आलेल्या कोटेशनमध्ये लिहिलंय: 40 कॅन, प्रत्येकी 125 किलो, कॅनची अरुंद बाजू 28 सेंमी, ब्राइन (कॅनभोवतीचं गार खारं पाणी) −10 अंश, कॉम्प्रेसर 5 टीआर (टन रेफ्रिजरेशन, म्हणजे उष्णता ओढायची क्षमता).

मी स्वतः हिशोब केला तो असा. पाणी 28 अंशांचं, बर्फ −5 अंशांपर्यंत न्यायचा, म्हणजे फरक 33 अंश. उष्णता = वस्तुमान × विशिष्ट उष्मा × तापमानातला फरक.

5000 × 4.186 × 33 = 6,90,690 किलोज्यूल

दिवसाचे 86,400 सेकंद. भागाकार केला तर साधारण 8 किलोवॅट येतात. 1 टीआर म्हणजे 3.517 किलोवॅट, म्हणून 2.27 टीआर. मग 5 टीआर म्हणजे दुपटीहून जास्त झालं की! 3 टीआरचा घेऊन पैसे वाचवावेत का? का माझं कुठे चुकतंय? शेजारच्या बंदरावर एवढ्याच बर्फाला याच्या कितीतरी पट मोठं मशीन चालतं, म्हणून शंका आली.

कॅलरी_मास्तर

बंदरपाखाडी, शंका आली हे बरं झालं. तुमचा गुणाकार बरोबर आहे, पण त्यात बर्फ झालाच नाही. तुम्ही पाणी −5 अंशांपर्यंत पाणी म्हणूनच नेलंत.

28 पासून −5 पर्यंतचा रस्ता तीन टप्प्यांचा आहे आणि प्रत्येक टप्प्याचा आकडा वेगळा. 1 किलो पाण्यासाठी:

पाणी 28 वरून 0 अंशांवर: 4.186 × 28 = 117.2 किलोज्यूल
0 अंशांचं पाणी ते 0 अंशांचा बर्फ: 334 किलोज्यूल
बर्फ 0 वरून −5 अंशांवर: 2.1 × 5 = 10.5 किलोज्यूल

एकूण 461.7. तुमच्या हिशोबात किलोमागे 138 आले होते, म्हणजे खऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी.

मधला टप्पा थर्मामीटरवर दिसत नाही, म्हणूनच दहावीच्या पुस्तकात त्याला अप्रकट उष्मा म्हणतात. कॅनमधलं पाणी 0 वर आलं की काटा तिथेच बसतो, दिवसभर हलत नाही, आणि कॉम्प्रेसर मात्र तेवढ्याच जोराने चालू असतो. एकूण कामाचं 72 टक्के काम त्या न हलणाऱ्या काट्यात आहे. आणि ज्या शेवटच्या 5 अंशांची लोक चौकशी करतात, त्यांचा वाटा जेमतेम सव्वादोन टक्के.

दुसरी लहान चूक: बर्फाला पाण्याचाच 4.186 लावलात. बर्फाचा विशिष्ट उष्मा पाण्याच्या जवळपास निम्मा असतो. इथे त्याने मोठा फरक पडत नाही, पण सवय चुकीची.

जुने मिस्त्री हेच कॅलरीत तोंडी करतात: 28 अधिक 80 अधिक अडीच, म्हणजे किलोला साडेएकशेदहा किलोकॅलरी. 1 टीआर म्हणजे तासाला 3024 किलोकॅलरी. दोन्ही रस्त्यांनी उत्तर एकच यायला हवं. नाही आलं तर कुठेतरी एकक घसरलं असं समजा.

आता तुमचे 5 टन: 5000 × 461.7 = 23,08,500 किलोज्यूल. मशीन 24 तास चालेल असं धरू नका. वीज जाते, लाद्या काढताना थांबावं लागतं, देखभाल असते. 20 तास धरा, म्हणजे 72,000 सेकंद. 32 किलोवॅट, म्हणजे 9.1 टीआर, आणि हे फक्त पाण्याचं. टाकीच्या भिंती, झाकणं, ब्राइन ढवळणारी मोटर आणि लादी सोडवताना वितळणारा बर्फ यांच्यासाठी 25 टक्के वर ठेवा: 40 किलोवॅट, 11.4 टीआर. बाजारात विचारताना 12 म्हणा.

कोटेशनमधला घोळ मला वाटतं ‘टन’ या शब्दाचा आहे. 5 टन बर्फातला टन हे वजन, आणि टीआरमधला टन हा उष्णता ओढण्याचा वेग. टीआरची व्याख्या अशी: 0 अंशांचा 1 शॉर्ट टन, म्हणजे 907 किलो बर्फ 24 तासांत वितळायला जेवढी उष्णता घेईल, तेवढी 24 तासांत ओढणे. त्या व्याख्येत पाणी आधीच 0 अंशांवर आहे! कोकणात नळाला 0 अंशांचं पाणी येत असतं तर बर्फाचा कारखानाच कशाला हवा होता? 28 अंशांच्या पाण्यापासून 1 टीआरमध्ये 24 तास अखंड चालवून कागदावर 658 किलो बर्फ होतो. नुकसान आणि बंद तास धरले की 440 किलोच्या आसपास. म्हणजे 5 टीआरवर रोज सव्वादोन टन.

ब्राइनटाकी

मास्तरांचं गणित पटलं. त्यात तीन गोष्टी भरतो, कारण टीआर बरोबर असूनही 5 टन निघणार नाहीत.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची, गोठायचा वेळ. किती उष्णता ओढायची हा एक प्रश्न, आणि ती लादीच्या गाभ्यातून बाहेर यायला किती वेळ लागतो हा दुसरा. बर्फ कडेकडून धरतो, आणि धरलेला बर्फच आतल्या पाण्याभोवती भिंत होऊन बसतो. जाडी दुप्पट केली तर वेळ चौपट होतो. लादीसाठी अंदाजाचं सूत्र:

तास = 0.6 × (अरुंद बाजू सेंमीमध्ये)² ÷ (ब्राइन शून्याखाली किती अंश)

28 सेंमी, −10 अंश: 0.6 × 784 ÷ 10 = 47 तास. म्हणजे जवळजवळ दोन दिवस. 40 कॅन × 125 किलो = 5 टन हे टाकीत एका वेळी मावणारं वजन झालं, रोजचं उत्पादन नव्हे. 47 तासांच्या चक्राने त्या 40 कॅनमधून रोज अडीच टनच निघणार, कॉम्प्रेसर कितीही मोठा लावा. 28 सेंमीचाच कॅन ठेवायचा तर 80 कॅनची टाकी हवी. नाहीतर 50 किलोचे, 19 सेंमी अरुंद बाजूचे कॅन घ्या: 0.6 × 361 ÷ 10, म्हणजे 22 तासांच्या आत. भरणं-सोडवणं धरून रोज एक फेरी, 100 कॅन. लहान लादी वाहतुकीत लवकर वितळते हे खरं, पण बोटीवर जाणारा बर्फ तसाही क्रशरमधून चुरा होऊनच जातो.

दुसरी, ‘12 टीआर’ कोणत्या तापमानाला ते लिहून घ्या. ब्राइन −10 ठेवायचं तर कॉइलमध्ये (ब्राइन गार करणाऱ्या नळ्यांत) अमोनिया, म्हणजे उष्णता ओढणारा वायू, −15 च्या आसपास उकळायला लागतो. तोच कॉम्प्रेसर एसीच्या कामाला, म्हणजे +5 अंशांना, जेवढे टीआर देतो त्याच्या निम्म्याच्या आसपास −15 ला देतो, कारण थंड वाफ विरळ असते आणि प्रत्येक फेऱ्यात सिलिंडरमध्ये कमी वजनाचा वायू शिरतो. कोटेशनवर नुसतं 12 लिहिलं असेल आणि आकडा +5 चा असेल, तर हातात 6 आले. ‘−15 बाष्पीभवन, +40 संघनन’ (अमोनिया उकळायचं आणि परत द्रव व्हायचं तापमान) हे शब्द कागदावर पाहिजेतच.

तिसरी, ब्राइनची ताकद. मीठ वापरणार असाल तर वजनाने 21-22 टक्के, हायड्रोमीटरवर (द्रवाची घनता मोजायचं उपकरण) 1.16 ते 1.17. टाकीतलं ब्राइन −10 ला असलं तरी कॉइलला लागून ते −15 च्या जवळ जातं. ब्राइन पातळ झालं की कॉइलवरच बर्फाचा थर धरतो, तो थर उष्णता अडवतो, सक्शन प्रेशर (कॉम्प्रेसरमध्ये शिरणाऱ्या वायूचा दाब) उतरतं, आणि माणूस गॅस कमी झालाय समजून अमोनिया भरत बसतो. कॅन उचलताना-बुडवताना गोडं पाणी टाकीत सांडतं, त्यामुळे ताकद हळूहळू उतरतच असते. आठवड्याला एकदा हायड्रोमीटर बुडवा.

साधंसोपं

एवढं कशाला? ब्राइन −20 करा, त्याच 40 कॅनमध्ये 24 तासांत लादी. सूत्रातच आहे की.

ब्राइनटाकी

सूत्राप्रमाणे 23.5 तास येतात, बरोबर. पण साध्या मिठाचं ब्राइन कितीही घट्ट केलं तरी −21 च्या खाली द्रव राहत नाही, आणि −20 चं ब्राइन करायला कॉइल −25 लागते. म्हणजे कॉइलवरच गोठलं. कॅल्शियम क्लोराइड घ्यावं लागेल. त्या थंडीला कॉम्प्रेसरची क्षमता आणखी पडते, म्हणजे मशीन मोठं. विजेमागे मिळणारी थंडीही कमी: −15 ला 1 युनिट विजेत साधारण 2.8 युनिट उष्णता ओढली जाते असं धरलं, तर −25 ला सव्वादोनच्या आसपास. आणि एवढ्या झपाट्याने गोठवलेल्या लादीला तडे जातात. सोडवताना ती कॅनमध्येच दुभंगते. लादीबर्फाला −8 ते −10 हीच सुखाची जागा.

कॅलरी_मास्तर

ब्राइनटाकींनी विजेचा विषय काढलाच आहे तर तोही आकडा घ्या. 40 किलोवॅट ÷ 2.8 = 14.3 किलोवॅट कॉम्प्रेसरला. 20 तासांचे 286 युनिट. ढवळणारी दीड किलोवॅटची मोटर 30 युनिट, वर पंप आणि क्रेन. टनामागे 65 ते 70 युनिट धरून चाला.

त्या ढवळणाऱ्या मोटरकडे जरा बघा. तिची सगळी वीज शेवटी ब्राइनमध्ये उष्णता होऊनच उतरते: 1.5 × 72,000 = 1,08,000 किलोज्यूल, म्हणजे मूळ भाराच्या पावणेपाच टक्के. एक वीज मोटरला आणि तिची उष्णता काढायला दुसरी कॉम्प्रेसरला. त्यामुळे गरजेपेक्षा मोठी मोटर लावू नका. उलट कॅनच्या पत्र्याची काळजी करायचं कारण नाही. 40 कॅन, प्रत्येकी 25 किलो लोखंड, 38 अंशांचा फरक: 40 × 25 × 0.5 × 38 = 19,000 किलोज्यूल, एक टक्कासुद्धा नाही.

पाण्याचं तापमान मात्र हातातलं आहे. एप्रिल-मे मध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी 38 ला सहज जातं. 10 अंश जास्त म्हणजे किलोला 42 किलोज्यूल जास्त, भार 9 टक्क्यांनी वाढला. तेवढ्यासाठी टाकी जमिनीखाली किंवा सावलीत घ्या आणि कॅन पहाटे भरा. याला खर्च शून्य.

एक मोह टाळा. लादी सोडवायच्या टाकीतलं पाणी गार झालेलं असतं, ते पुढच्या कॅनमध्ये भरावं असं वाटतं. कॅनच्या बाहेरून लागलेलं ब्राइन त्या पाण्यात धुतलेलं असतं, ते बर्फात जातं. त्या टाकीत उलट कंडेन्सरचं (ओढलेली उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाचं) गरम पाणी सोडा, लादी लवकर सुटते आणि कंडेन्सरलाही थोडा आराम.

देवगडचो

मास्तरांनू, गणित बरोबर आसा. पण विहिरीच्या पाण्याबद्दल कोणी बोलूक नाय. किनाऱ्यालगतच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. खारट पाण्याची लादी कडेने घट्ट आणि गाभ्यात मऊ, पांढरट होते. मीठ बर्फाच्या जाळीत बसत नाही, ते उरलेल्या पाण्यात साठत जातं आणि तो गाभा −5 लाही ओला राहतो. वजनाला लादी 125 किलो, पण गोठलेली 125 नव्हे. पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, जागा घेण्यापूर्वी मे महिन्यात विहीर तपासा, पावसाळ्यात तपासून उपयोग नाही.

आणि कंडेन्सरच्या पाण्याचाही हिशोब मांडा. बर्फापुरतं पाणी धरून लोक टँकर ठरवतात.

कॅलरी_मास्तर

देवगडचो यांचा मुद्दा रास्त. कंडेन्सरला ओढलेली उष्णता अधिक कॉम्प्रेसरची वीज, दोन्ही बाहेर फेकावी लागतात: 40 + 14 = 54 किलोवॅट. ती वरून पाणी पडणाऱ्या कंडेन्सरमधून किंवा कूलिंग टॉवरमधून जाते ती मुख्यतः पाणी वाफ होऊन. इथे 2257 हा आकडा वापरू नका, तो 100 अंशांना उकळणाऱ्या पाण्याचा आहे. 30-35 अंशांना उडून जाणारं पाणी किलोमागे 2420-2430 किलोज्यूल नेतं. कमी तापमानाला बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा थोडा जास्तच असतो. 54 ÷ 2430 × 3600 म्हणजे तासाला 80 लिटर, 20 तासांना 1600 लिटर. वर तुषार उडून जाणारं आणि क्षार साठू नयेत म्हणून सोडून द्यायचं पाणी वेगळं. 5000 लिटर बर्फाचे धरून रोज 7500 लिटरची सोय हवी.

कोकणातली दमट हवा इथे नडते. हवेत आधीच वाफ भरलेली असल्याने पाणी उडायला तयार नसतं, आणि कंडेन्सरचं पाणी हवेच्या ओल्या बल्बच्या (ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या) तापमानाखाली जाऊच शकत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते म्हणून सर्वांत दमट दिवसांत भार कमी, हा नशिबाचा भाग. खरी कसोटी ऑगस्टात, बोटी सुटतात तेव्हा. हवा अजून ओली असते आणि बर्फाला रांग लागलेली असते. मशीन त्या महिन्यावर निवडा.

पेटीवाली_ताई

कारखान्याचं झालं. मी मासळी पेट्यांत भरून पाठवते, त्यासाठी विचारते. 100 किलो बांगड्याला बर्फ किती? कोणी शंभरास तीस म्हणतं, कोणी शंभरास शंभर. आणि −10 चा बर्फ घेतला तर कमी लागेल का?

कॅलरी_मास्तर

ताई, दोघंही बरोबर सांगतात, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत.

मासळीचा विशिष्ट उष्मा साधारण 3.6 धरा, पाण्यापेक्षा कमी कारण त्यात चरबी-प्रथिनंही आहेत. 100 किलो बांगडा 28 वरून 0 वर आणायला 100 × 3.6 × 28 = 10,080 किलोज्यूल. 1 किलो बर्फ वितळताना 334 घेतो. भागाकार 30 किलो. हे नुसतं मासळी गार करायचं. 30 किलो टाकले तर मासळी 0 ला येते त्याच क्षणी शेवटचा खडा वितळतो, आणि पुढच्या मिनिटापासून पेटी तापायला लागते.

20 किलोच टाकले तर? 20 × 334 = 6,680 गेले, 3,400 उरले. वितळलेलं पाणी पेटीतच राहिलं असं धरून ते आणि मासळी मिळून 7.7 अंशांवर थांबतात. हात लावला तर गार लागतं, पण बांगड्यासारख्या मासळीला ते गार नव्हे.

उरलेला बर्फ पेटीतून शिरणाऱ्या उष्णतेसाठी. 100 लिटरची थर्माकोलची पेटी, भिंत 25 मिमी, पृष्ठभाग 1.3 चौरस मीटर, आत 0 बाहेर 30 अंश: साधारण 47 वॅट शिरतात. दिवसाला 40 लाख ज्यूल, म्हणजे 4,040 किलोज्यूल, म्हणजे 12 किलो बर्फ. अशा पेटीत 50 किलो मासळी असेल तर गार करायला 15, पहिल्या दिवसाला 12, दुसऱ्या दिवसाला 12. झाले 39. उन्हात टेम्पो उभा राहिला, झाकण दोनदा उघडलं, की शंभरास शंभर हा आकडा आपोआप समोर येतो. लोकांचा अनुभव हवेतला नाही.

−10 च्या बर्फाबद्दल: 10 × 2.1 = 21 किलोज्यूल जास्त. 334 वर 21 म्हणजे 6 टक्के. त्यासाठी जादा पैसे देऊ नका. शिवाय फार थंड कोरडा बर्फ मासळीला चिकटतो आणि कातडी सोलतो.

बर्फ घेताना बघायचं ते त्याचं कोरडेपण. पोत्यातून पाणी निथळत असेल आणि वजनात 10 टक्के पाणी असेल, तर किलोला 334 ऐवजी 300 च मिळाले. पोतं वजनाला टाकण्यापूर्वी पाच मिनिटं निथळू द्या.

देवगडचो

ताईंनी टबात समुद्राचं पाणी घेऊन वर बर्फ टाकायची पद्धत वापरली तर आणखी एक खड्डा. 100 लिटर समुद्राचं पाणी 28 वरून 0 वर आणायलाच 34 किलो बर्फ जातो, मासळी अजून टबात पडलेलीच नसते. पाणी कमीत कमी घ्या, मासळी बुडेल एवढंच, आणि बर्फ पाण्यात आधी अर्धा तास ढवळून मगच मासळी सोडा. बर्फ-पाण्याच्या कालवणात मासळी नुसत्या चुऱ्यापेक्षा लवकर गार होते, कारण पाणी सगळीकडून टेकतं. चुरा टेकतो तो चार ठिकाणी.

पेटीची खरी गळती मोजायची असेल तर गणित नको. पेटीत फक्त बर्फ भरा, वजन करा, 24 तास ठेवा, पाणी काढून पुन्हा वजन करा. जेवढं कमी झालं तेवढा त्या पेटीचा रोजचा बर्फ. फुटकी झाकणं लगेच ओळखू येतात.

आमरसवाडी

विषय थोडा सोडून, पण गणित तेच वाटतं. हापूसचा रस आटवून मावा करायला गॅस किती धरावा? 10 किलो रस, निम्मा आटवायचा.

कॅलरी_मास्तर

तेच गणित, दिशा उलटी. 10 किलो रस 28 वरून उकळीला: 10 × 3.6 × 72 = 2,590 किलोज्यूल. 5 किलो पाणी वाफ करायचं: 5 × 2257 = 11,285. मिळून 13,900. गॅसच्या किलोत 46,000 किलोज्यूल, पण उघड्या शेगडीवर मोठ्या पातेल्याला निम्मेच पोचतात असं धरा, 23,000. म्हणजे 600 ग्रॅम. 19 किलोच्या सिलिंडरमध्ये अशा तीसेक घाण्या.

उकळी आली की आच वाढवून रस जास्त गरम होत नाही, फक्त पाणी जास्त वेगाने उडतं. साखर घट्ट होत गेली की उकळबिंदू दोन-चार अंश चढतो, एवढंच. शेवटी रस घट्ट झाला की वाफेचे बुडबुडे वर येऊ शकत नाहीत, बुडाशी पाणी संपतं आणि तिथला थर 100 च्या वर जाऊन करपतो. म्हणून शेवटच्या पाव भागात आच उतरवायची आणि उलथनं बुडाला लावून फिरवायचं. पसरट पातेलं घ्या, वाफ पृष्ठभागावरून निघते.

बंदरपाखाडी

सगळ्यांचे आभार. कोटेशन परत पाठवतोय: 12 टीआर, −15/+40 ला, लेखी. कॅन 50 किलोचे, 19 सेंमी, 100 नग. ढवळणारी मोटर दीड किलोवॅटच्या वर नको. जमिनीखाली पाण्याची टाकी. विहिरीचं पाणी मे अखेरीस तपासेन. ब्राइनटाकी, एकच राहिलं. 100 कॅन एका रांगेत सोडवायला वेळ जाईल, मग शेवटचे कॅन 22 तासांऐवजी 26 तास राहतील ना?

ब्राइनटाकी

राहू द्या, बिघडत काही नाही. गोठून झालेली लादी चार तास जास्त राहिली तर ती फक्त −5 वरून −7, −8 ला जाते. त्याला किलोला पाच-सहा किलोज्यूल लागतात, दीड टक्कासुद्धा नाही. उलट घाई करून काढलेली लादी घातक. गाभ्यात पाणी राहिलं तर क्रशरवर फुटताना ते वाहून जातं आणि तेवढ्या वजनाची थंडी तुम्ही दिलीच नव्हती. लादी उजेडात धरा. मधोमध बारीक पांढरी रेघ चालेल, पोकळी किंवा हलणारं पाणी दिसलं तर परत बुडवा. आणि काढलेला कॅन लगेच भरून त्याच जागी सोडा, सगळे शंभर एकदम रिकामे करून एकदम भरू नका. 5 टन 28 अंशांचं पाणी एकदम टाकीत उतरलं तर ब्राइन वर चढतं, −10 वर परत यायला अर्धा दिवस घेतं आणि गोठायच्या तासांचं सूत्र त्या दिवसापुरतं खोटं पडतं. दर दोन तासांनी आठ-नऊ कॅन, असं वाटून घ्या.